मागची बाजू, दोन पैसे

माझं काम पडद्यावर पाणी मारायचं.
पडदा ओला असला की उजेड आरपार जातो,
मागे बसलेल्यांनाही चित्र दिसतं.
पुढे एक आणा, मागे दोन पैसे.
वेंगुर्ल्याच्या मांडवीतलं खारं पाणी, दोन डबे,
आणि काथ्याचा एक कुंचा.
वाळत आला की कापडावर मीठ धरायचं
आणि फ्रान्सातल्या शेतात
मध्येच काहीतरी चमकून जायचं.

फ्रान्सातलं, हे मालक म्हणाले म्हणून.
आगबोटीतून उतरलेल्या पत्र्याच्या पेटीवरची अक्षरं
पोस्टमास्तरांनाही लागली नव्हती.
आधी हे पुस्तक होतं म्हणे,
तिकडच्याच कुणा खेडवळ माणसानं लिहिलेलं.
मुंबईच्या एजंटानं ते मालकांना सांगितलं,
मालकांनी गुणाजी पार्सेकराला,
आणि गुणाजीनं, हातात वेताची काठी, स्टुलावर उभं राहून
आम्हा सगळ्यांना.
वाटेत जे सांडलं ते सांडलं.

चित्रात गहू होता.
गुणाजीनं उभा गहू जन्मात पाहिला नव्हता.
"बघा," म्हणाला, "वरी कशी भरली हा!"
पवनचक्कीवाल्याचा खोत झाला.
चर्चची घंटा हलली ती रवळनाथाची झाली,
तंबूत दोघांचौघांनी हात जोडले.
म्हाताऱ्यानं पोरांत जमीन वाटली
तेव्हा काळ्यावर पांढरी पाटी आली,
आणि गुणाजी खाकरून म्हणाला,
"थोरलो म्हणता, आंब्याची कलमां माझी."
तिथे आंबा नव्हता. कुणी विचारलं नाही.
भांडण बरोबर होतं.

मागच्या बाजूनं सगळं उलटं.
पाटीवरची अक्षरं उलटी
(सुलटी असती तरी काय वाचणार होतो),
नदी डावीकडची उजवीकडे,
आणि तो पेरणारा माणूस, खांद्याला झोळी,
पाऊल टाकतो, मूठ उघडतो,
पाऊल टाकतो, मूठ उघडतो,
डाव्या हातानं.

शेवंत तांडेल माझ्या डब्यांशेजारी बसायची.
डावखुरी. लहानपणी आईनं
मनगटावर तापलेली पळी टेकवली होती,
डाग तिसऱ्याच्या शिंपीएवढा.
बाजारात उजव्या हातानं सुरमई कापायची,
तुकडे वाकडे पडायचे,
गिऱ्हाईक पुढच्या टोपलीकडे जायचं.

पेरणारा आला आणि ती बसल्या जागी सरळ झाली.
मग कापणीला बाया आल्या,
ओळच्या ओळ, विळे डाव्या हातांत.
म्हातारीनं पाव कापला, डाव्या हातानं.
पाद्र्यानं वर केला तो हातसुद्धा तसलाच.
"ह्यो गाव खंय आसा रे?" शेवंतनं विचारलं.
"दर्याच्या पलीकडे."
"आगबोट जाता थंय?"
मी कुंचा डब्यात बुडवला.

सात रात्री ती आली.
आठव्या दिवशी बाजारात कोयती तिच्या डाव्या हातात होती
आणि तुकडे सरळ.
तिची आई काही बोलली असेल. मी तिथे नव्हतो.

पुढल्या वर्षी पौषात तीच पेटी पुन्हा उतरली.
फीत झिजलेली, शेतात सारख्या उभ्या रेघा.
म्हाताऱ्याचा मरणाचा तुकडा गहाळ,
त्यामुळे तो दारात बसलेलाच राहिला
आणि गुणाजीनं त्याला काशीला पाठवला.
शेवंतनं त्या वर्षी एक आणा मोजला.
पुढे बसली, पहिल्या रांगेत,
डोक्यात अबोलीचा वळेसर.

मी कापडाच्या कडेनं बघत होतो.
पेरणारा आला. झोळीत हात घातला.
ती उभी राहिली.
मागून ओरडले, "बस गे, बस!"
तिची सावली शेतावर पडली,
पेरणाऱ्यानं तिच्यावरही मूठ उघडली.

मग ती कनातीला वळसा घालून आली
आणि डब्यांशेजारी, वाळूत, जुन्या जागी बसली.
"थंयसून खोटां दिसता," म्हणाली.
आणि थोड्या वेळानं:
"पडदो सुकलो बघ. मार पाणी."